हजार रुपयांचा दंड आणि कॅनडाचा अर्ज

ताई, नमस्कार.

मी हातकणंगले तालुक्यातला. वय तेहतीस, एका कारखान्यात मेंटेनन्सचं काम बघतो. बायको कोल्हापूरला नर्स आहे, आम्हाला चार वर्षांची मुलगी आहे. बायकोचे इंग्रजीच्या परीक्षेत चांगले मार्क आले, म्हणून तिच्या नावावर कॅनडाच्या पीआरची, म्हणजे तिथे कायम राहण्याच्या परवान्याची, फाईल लावायची ठरली आहे. मी तिच्याबरोबरचा नवरा म्हणून जाणार.

२०१२ साली आमच्या गावात गणपती विसर्जनाच्या मिरवणुकीत दोन मंडळांची मारामारी झाली. मी तेव्हा वीस वर्षांचा होतो. माझ्यासकट सहा जणांवर केस झाली. ठाण्यातच जामीन मिळाला, तुरुंगात गेलो नाही. २०१४ मध्ये वकील म्हणाले, “किती तारखा करणार? कबूल कर, दंड भर आणि मोकळा हो.” मी कबूल केलं. हजार रुपये दंड झाला, संध्याकाळी कोर्ट उठेपर्यंत मागच्या बाकावर बसवून ठेवलं, मग घरी आलो. विषय तिथेच संपला असं समजत होतो.

२०१९ ला लग्न झालं. बायकोला यातलं काहीच माहीत नाही. एजंट म्हणतो, “अर्जात ‘नाही’ लिहा. पासपोर्ट मिळाला ना? मग रेकॉर्ड नाही.” मला रात्री झोप लागत नाही. तिला आणि मुलीला आधी पाठवून मी मागून जावं का? धाकटा भाऊ समजून सांगा.

एक वाचक

प्रिय भावा,

धाकटा भाऊ म्हणालास, म्हणून अरे-तुरे करते.

आधी माझी गोष्ट सांगते. मी बारा वर्षं तालुका कोर्टात वकिली केली. “कबूल करा, दंड भरा, मोकळे व्हा” हे वाक्य मी स्वतः कितीतरी पोरांना सांगितलं आहे. तारखेमागून तारखा, दर तारखेला बुडणारी हजेरी, एसटीचं भाडं, समोर साक्षीदार येत नाहीत, अशा वेळी हा सल्ला शहाणपणाचा वाटायचा. कबुली म्हणजे कायद्याच्या नजरेत दोषी ठरणं आणि ते कायम कागदावर राहतं, हे आम्ही पोरांना नीट समजावून सांगत नव्हतो. बारीकसारीक केस, कोण विचारणार, असं वाटायचं. तुझं पत्र वाचताना तेच आठवत राहिलं. म्हणून हे उत्तर लांबणार आहे.

तुला शिक्षा झाली होती, हे आधी मान्य कर. कोर्ट उठेपर्यंत बसवलं ते रागावून बसवलं नव्हतं. ती शिक्षाच असते आणि निकालपत्रात तशी लिहिलेली असते. म्हणजे दोषी ठरवलं, कोर्ट उठेपर्यंतची कैद आणि दंड, असे तिन्ही भाग तुझ्या निकालात असणार. मात्र तुला नीट आठवतंय का, हेही एकदा तपासून बघ. वीस-बावीस वर्षांच्या पोराला कोर्टात काय झालं ते पुष्कळदा अर्धंच कळलेलं असतं. तेव्हाच्या भारतीय दंड संहितेतलं साध्या मारहाणीचं कलम ३२३ आपसात मिटवता येत होतं. तशी तडजोड झाली असेल, तर जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम ३२० प्रमाणे तिचा परिणाम निर्दोष सुटकेचा असतो. दंड भरल्याचं तुला आठवतंय, त्यामुळे तडजोड झाली असेल असं मला वाटत नाही. पण तुझ्या आठवणीवर किंवा माझ्या अंदाजावर कॅनडाचा अर्ज भरायचा नाही. निकालाची नक्कल काढायची.

आता एजंटच्या पासपोर्टच्या मुद्द्याकडे येते, कारण तू त्यातच अडकला आहेस. आपल्या पासपोर्टच्या अर्जातला प्रश्न अगदी अरुंद आहे. मागच्या पाच वर्षांत कोर्टानं तुम्हाला दोषी ठरवून दोन वर्षं किंवा त्याहून जास्त कैद दिली आहे का, आणि कुठे खटला चालू आहे का, एवढंच तिथे विचारतात. तुझी शिक्षा एका संध्याकाळची आणि खटला तर संपलेला. तिथे तू ‘नाही’ लिहिलंस ते खरंच होतं. कॅनडा मात्र वर्षांची अट घालत नाही आणि शिक्षा किती होती तेही विचारत नाही. कुठल्याही देशात कधी दोषी ठरला आहात का, खटला झाला आहे का, ताब्यात घेतलं होतं का, असे ते प्रश्न आहेत. पहिल्या प्रश्नाचं खरं उत्तर दुसऱ्या प्रश्नाखाली लिहिलं तर ते खोटं होतं. पोलिसांचा दाखला, म्हणजे पीसीसी, उद्या कोरा आला तरी यात फरक पडत नाही. अर्जात पीसीसीवर काय लिहिलंय ते विचारलेलं नाही. तुझ्या बाबतीत काय घडलं, ते विचारलं आहे.

आणि ‘नाही’ लिहिलं तर काय होतं? कॅनडाच्या इमिग्रेशन कायद्याचं कलम ४० खोटी माहिती देण्याबद्दल आणि महत्त्वाची माहिती दडवण्याबद्दल आहे. ते लागलं की पाच वर्षं त्या देशाचं दार बंद होतं आणि त्या काळात पीआरचा अर्जही करता येत नाही. पीआर मिळाल्यावर उघड झालं तर पीआर जाऊ शकते. नागरिकत्व मिळाल्यावर उघड झालं तर तेही काढून घेण्याची तरतूद आहे. म्हणजे मुलगी तिकडच्या शाळेत रमलेली असताना, घराचे हप्ते चालू असताना पत्र येऊ शकतं. कोण शोधणार, असं एजंट म्हणत असेल. आपल्या तालुका कोर्टांच्या खटल्यांची माहिती ई-कोर्ट्सच्या संकेतस्थळावर नावानं शोधता येते. अमेरिका, ब्रिटन, ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंड यांच्याशी कॅनडा अर्जदारांची माहिती ताडून बघतो. आणि गावातलं वैर तुला मी काय सांगू? एक निनावी पत्र पुरतं.

या सगळ्यात मला सर्वात जास्त खुपलेली गोष्ट वेगळीच आहे. अर्ज तुझ्या बायकोच्या नावावर आहे. मुख्य अर्जदार ती. दिलेली सगळी माहिती खरी आहे, ही घोषणा ती करणार. तू तिला काहीच सांगितलं नाहीस आणि एजंटनं ‘नाही’ भरलं, तर तुझं खोटं तिच्या सहीनं जाईल. ज्या बाईनं रात्रपाळ्या करून, उरलेल्या वेळात अभ्यास करून ते मार्क मिळवले, तिच्यावर पाच वर्षांची बंदी येईल आणि ती का आली हे तिला तिकडच्या अधिकाऱ्याच्या पत्रातून कळेल. हे तू तिच्यावर येऊ देऊ नकोस.

तिला आणि मुलीला आधी पाठवण्याचा विचारही याच कारणानं सोडून दे. तो विचार प्रेमातून आलाय हे मला दिसतं, पण तो चालणार नाही. पीआरच्या अर्जात नवरा बरोबर येवो वा न येवो, त्याचं नाव द्यावंच लागतं आणि त्याची तपासणीही होते. बरोबर न येणारा जोडीदार अपात्र ठरला तरी मुख्य अर्जदार अडकतो. कायदेशीर वा प्रत्यक्ष फारकत झालेली असेल तरच अपवाद. म्हणजे तुला मागे ठेवून ती सुटत नाही. आणि एजंट उद्या म्हणाला की ‘कागदोपत्री वेगळे राहतो असं दाखवू’, तर तिथून उठून ये. एक खोटं झाकायला दुसरं रचायचं आणि त्यात संसाराचाच कागद खोटा करायचा, हे कुणी कितीही सोपं म्हणून सांगितलं तरी करू नकोस.

आता ज्या भागाची तुला सर्वात जास्त भीती वाटते, त्याबद्दल. खरं सांगितलं तर काय होईल?

कॅनडा आपल्या निकालातलं कलम आणि शिक्षा बघून थांबत नाही. तू जे केलंस तेच कॅनडात केलं असतंस तर तिथल्या कायद्यात कुठला गुन्हा झाला असता आणि त्याला जास्तीत जास्त किती शिक्षा आहे, ते बघतो. तुला प्रत्यक्षात किती झाली याला त्या मोजणीत फार जागा नाही. तुझ्या हजार रुपयांकडे बघून अधिकारी ‘किरकोळ’ म्हणणार नाही, हे ध्यानात ठेव. तिकडची साधी मारहाण म्हणजे त्यांच्या दंडसंहितेचं कलम २६६, जास्तीत जास्त पाच वर्षं. काठी, सळई किंवा दुसरं काही हत्यार म्हणून वापरून मारहाण केली तर कलम २६७, जास्तीत जास्त दहा वर्षं. इमिग्रेशन कायद्यात दहा वर्षं ही मोठी सीमारेषा आहे. कमाल शिक्षा दहा वर्षं किंवा जास्त असेल तर तो गंभीर गुन्हा धरतात.

तुझा गुन्हा रेषेच्या अलीकडचा निघाला, तर तुझ्यासाठी चांगली बातमी आहे. अशा एकाच गुन्ह्यात दोषी ठरून शिक्षा पूर्ण झाल्याला दहा वर्षं उलटली असतील आणि नंतर माणूस स्वच्छ राहिला असेल, तर काळाच्या ओघात तो सुधारला असं तिथला कायदा मानतो. याला ते डीम्ड रिहॅबिलिटेशन म्हणतात. दहा वर्षं मोजायची ती शिक्षा पूर्ण झाल्याच्या दिवसापासून, म्हणजे तुझ्या बाबतीत दंड भरला त्या दिवसापासून. तो २०१४ मधलाच असेल, तर दहा वर्षं होऊन गेली. ती पावती घरात कुठे असेल तर शोध. आई अशी कागदं टाकत नाहीत, देव्हाऱ्याखालच्या ट्रंकेत ठेवतात.

पण दोन ठिकाणी पाय घसरू शकतो. पहिलं म्हणजे ‘एकच गुन्हा’ ही अट. सहा जणांवर केस होती, म्हणजे दोषारोपपत्रात बेकायदा जमाव आणि दंगलीची १४३, १४७ ही कलमं बहुतेक लावलेली असणार. तू कबुली दिलीस ती कुठल्या कलमांना? फक्त ३२३ ला दिली असशील तर एक गोष्ट, दंगलीच्या १४७ सकट दिली असशील तर दुसरी. कॅनडातही दंगल हा वेगळा गुन्हा आहे. एकापेक्षा जास्त गुन्हे धरले गेले, तर काळाच्या ओघात आपोआप मिळणारी ही सूट तुला लागू होणार नाही. दुसरं म्हणजे हातात काय होतं? विसर्जनाच्या मिरवणुकीत झेंड्याच्या काठ्या असतातच. तुझ्या केसच्या प्रथम खबर अहवालात (एफआयआरमध्ये) काठीचा उल्लेख असेल, हत्यारानं मारहाणीचं कलम ३२४ लावलं असेल आणि नंतर निकाल फक्त ३२३ खाली झाला असेल, तर तिकडचा अधिकारी यातलं काय धरेल, हे माझ्यासारखीनं इथे बसून सांगू नये. एवढ्यापुरतं कॅनडातल्या इमिग्रेशन वकिलाचं लेखी मत घे. पैसे खर्च करायचेच असतील तर ते इथे कर, ‘केस पुसून देतो’ म्हणणाऱ्यावर नको. अकरा वर्षांपूर्वी स्वतः कबुली देऊन संपवलेली केस आज उकरून पुसणं इतकं सोपं नाही आणि कॅनडाच्या अर्जासाठी त्याची गरजही नाही.

आपोआपची सूट लागू झाली नाही, तरी सगळं संपत नाही. शिक्षा पूर्ण होऊन पाच वर्षं झाली असली की माणूस स्वतः अर्ज करून सांगू शकतो की मी बदललो आहे, माझ्याकडून पुन्हा असं होणार नाही. गंभीर गुन्ह्यांसाठीसुद्धा ही वाट आहे. त्या अर्जाच्या निर्णयाला वर्षाहून अधिक वेळ लागू शकतो, आणि तो मंजूर झाला की या कारणावरून अपात्रता राहत नाही. तुझी पाच वर्षं कधीच झाली आहेत. म्हणजे वाईटात वाईट धरलं, तर तुमचं जाणं लांबेल. खोटं लिहून पकडलं गेलं, तरी पाच वर्षं जातात आणि नाव जातं ते वेगळं. कुठलं निवडायचं हे मला तुला समजवायला लागू नये.

तुला जामीन ठाण्यातच मिळाला, तुरुंगात गेला नाहीस, म्हणून ‘अटक झालीच नाही’ असं एजंटनं सांगितलं असेल तर तेही तपास. जामिनावर सोडायला आधी अटक व्हावी लागते. पोलिसांच्या कागदात अटकेची तारीख आणि वेळ असते.

आता कामाला लाग. कोर्टात जाऊन नक्कल विभागात अर्ज दे. प्रथम खबर अहवाल, दोषारोपपत्र, निकाल आणि दंडाची पावती किंवा दंड भरल्याची नोंद, या सगळ्यांच्या प्रमाणित नकला माग. खटल्याचा नंबर आठवत नसेल तर ई-कोर्ट्सवर नाव टाकून बघ. तिथे नाही सापडला तर तुझ्या जुन्या वकिलांच्या डायरीत सापडेल, वकील मंडळी डायऱ्या जपून ठेवतात. जुनी फाईल नष्ट झाली असं सांगितलं, तर तेच कोर्टाकडून लेखी घे. ‘मिळालं नाही’ एवढं तोंडी सांगणं कॅनडाला पुरणार नाही. मराठी कागदांचं इंग्रजी भाषांतर प्रमाणित भाषांतरकाराकडून कर, भावजयीकडून वा मित्राकडून नको. घरच्या माणसानं केलेलं भाषांतर ते धरत नाहीत. हे सगळं कॅनडाकडून अर्जाचं निमंत्रण यायच्या आधी हातात असू दे. एक्सप्रेस एंट्री या पीआरच्या निवड पद्धतीत निमंत्रण आलं की पूर्ण अर्ज द्यायला साठच दिवस असतात आणि आपल्या नक्कल विभागाचा वेग तुला माहीत आहे.

अर्जासोबत एक खुलासा द्यावा लागेल. तो स्वतः लिही, एजंटला लिहू देऊ नकोस. साधं लिही: २०१२ च्या विसर्जन मिरवणुकीत दोन मंडळांत मारामारी झाली, त्यात मी होतो, मी काय केलं ते हे असं, २०१४ मध्ये मी कोर्टात गुन्हा कबूल केला, अमुक शिक्षा झाली, ती त्याच दिवशी पूर्ण केली, त्यानंतर माझ्यावर एकही केस नाही. ‘खोट्या केसमध्ये गोवलं’ असं लिहू नकोस. कबुली तुझी आहे. कबुली दिलेली गोष्ट पुन्हा नाकारणाऱ्यावर अधिकारी विश्वास ठेवत नाही. खोटं गोवलं असेल तरीही आता तो मार्ग तुझ्या हातात नाही, आणि हे लिहिताना मला वाईट वाटतं, कारण असे गोवलेले, कंटाळून कबूल झालेले कितीतरी जण मी पाहिलेत. सोबत कारखान्याचं अनुभवपत्र आणि तुला वर्षानुवर्षं ओळखणाऱ्या दोघा-तिघांची पत्रं जोड. पत्र देणाऱ्याला केस माहीत असावी आणि ती माहीत असूनही तो तुझ्याबद्दल चांगलं सांगतोय, हे पत्रात दिसावं. एरवीच्या ‘सुस्वभावी व होतकरू’ छापाच्या दाखल्याला फारसं वजन नसतं.

एजंटचा नंबर विचार. फोनचा नव्हे, नोंदणीचा. पैसे घेऊन कॅनडाच्या अर्जात प्रतिनिधी म्हणून काम करायचं असेल, तर तो माणूस तिथल्या एखाद्या प्रांताच्या वकील संघटनेचा किंवा क्वेबेकच्या नोटरी संघटनेचा सदस्य तरी हवा, नाहीतर कॉलेज ऑफ इमिग्रेशन अँड सिटिझनशिप कन्सल्टंट्स या संस्थेकडे नोंदलेला सल्लागार तरी हवा. त्या संस्थेची नोंदवही सगळ्यांना बघता येते. यातल्या कुठेच नाव नसेल तर पुढे बोलूच नकोस. नाव असेल आणि तरीही तो ‘नाही लिहा’ म्हणत असेल, तर जास्तच सावध हो. एजंटनं भरलेल्या अर्जातल्या खोट्याची जबाबदारी अर्जदारावरच येते, ‘त्यानं लिहिलं, आम्ही वाचलं नाही’ हे तिथे ऐकून घेत नाहीत.

ऑस्ट्रेलिया किंवा ब्रिटन सोपं पडेल का, असाही विचार तुझ्या डोक्यात आला असेल. त्यांचे नियम वेगळे आहेत, त्या दोन्ही देशांत बारा महिन्यांच्या शिक्षेची रेषा मोठी आहे आणि तुझी शिक्षा तिच्या खूप आत आहे. पण खरं सांगण्याची सक्ती तिथेही तेवढीच आहे. त्यामुळे खोटं टाळायला देश बदलायचा असेल तर उपयोग नाही.

राहिली बायको. कोर्टात जायच्या आधी तिला सांग. सासर-माहेरच्या कुणासमोर नको, मुलगी झोपल्यावर, दोघंच असताना. केस काय होती, कबूल का केलं, किती वर्षं सांगितलं नाहीस आणि का, हे सगळं एकदाच सांग. ‘तुला त्रास नको म्हणून लपवलं’ असं म्हणू नकोस. खरं कारण लाज हेच होतं ना? तेच सांग. तिला वीस वर्षांच्या पोरानं मिरवणुकीत केलेल्या मारामारीचा राग येईल असं मला वाटत नाही. लग्नाला इतकी वर्षं झाली आणि तू बोलला नाहीस, याचा येईल. तो येऊ दे. ती दोन दिवस बोलली नाही तर बोलण्यासाठी मागे लागू नकोस. ‘मग कॅनडाच नको’ असं म्हणून निर्णय तिच्यावर ढकलू नकोस. ती नर्स आहे, वाईट बातम्या ऐकून पुढचं काम कसं करायचं हे तिला तुझ्यामाझ्यापेक्षा चांगलं माहीत असेल.

तिची तयारी असेल तर नक्कल काढायला तिलाही बरोबर घेऊन जा. निकालाचा कागद हातात आला की आधी कलमांची ओळ वाच, मग शिक्षेची, मग दंड भरल्याची तारीख. या तीन ओळी मला लिहून पाठव, नावं गाळून. त्यावरून वकिलाला कोणते प्रश्न विचारायचे ते मी तुला सांगेन.

तुझी,
ताई